डोंगर आपोआप पेटतो

आमच्या गावचा डोंगर दरवर्षी शिमग्याच्या आसपास आपोआप पेटतो. काडी कुणी ओढत नाही, विडी कुणी टाकत नाही, तरी पेटतो. वरच्या अंगाला धूर दिसला की पारावरची माणसं मान वर करून बघतात, "पेटला वाटतं" म्हणतात आणि पुन्हा तंबाखू मळायला लागतात. का पेटला असं विचारणारा माणूस एकतर गावचा नवा जावई असतो, नाहीतर वनखात्याचा. जुनं गवत जळलं की पावसाळ्यात नवं लुसलुशीत येतं, हे आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. पेटवलं कुणी, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. सरकारी कागदावर दरवर्षी 'अज्ञात इसम' असं लिहिलं जातं, आणि हा इसम आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदतो.

मी मधली तीस वर्षं गावात नव्हतो. कोल्हापुरात फौंड्रीत भट्टीवर कामाला होतो आणि राहायला उचगावात. निवृत्त झालो तसा बायकोला घेऊन गावी परत आलो. नेसरीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं थोडं रान आहे, त्यात ऊस केला आणि गोठ्यात एक गाय बांधली. तीस वर्षं लोखंड वितळवल्यामुळं आगीबद्दल आपल्याला कुणी शिकवू नये अशी माझी समजूत होती. गावात आल्यावर ती आणखी पक्की झाली, कारण इथं ऐकून घ्यायला रिकामी माणसं भरपूर मिळाली.

पहिल्याच वर्षी गवे आले. चार होते. उसात शिरले, पोटभर खाल्लं, उरलेल्यावर लोळले आणि उजाडायच्या आत डोंगरात गेले. मी वनखात्याला अर्ज केला. मग त्या अर्जाचं काय झालं म्हणून दुसरा अर्ज केला. ग्रामसभेत उठून तावातावानं बोललो, की खातं आणि गाव एकत्र बसल्याशिवाय डोंगर राहणार नाही, गवा राहणार नाही आणि ऊस तर नाहीच नाही. मागनं कुणीतरी म्हणालं, "लई बोलतोय ह्यो. ह्यालाच करा की वनसमितीचा अध्यक्ष." आमच्याकडं बोलण्याची शिक्षा म्हणून पद देतात. टाळ्या वाजल्या आणि मी अध्यक्ष झालो.

वनसमिती म्हणजे गावानं आणि खात्यानं मिळून डोंगर सांभाळायचा. मी येण्यापूर्वी हे मिळून सांभाळणं असं चाले: खात्यानं डोंगरावर रोपं लावली आणि गवत कापायला बंदी घातली. बायका चोरून गवत आणायच्या. वनरक्षक त्यांचे विळे जप्त करायचे. मग बायका जाऊन वनरक्षकाच्या दारात बसायच्या, विळे परत मिळायचे, आणि शिमग्याला डोंगर आपोआप पेटायचा. एवढं एकमेकांना सांभाळून घेणारं सहकार्य मी कारखान्याच्या युनियनमध्येसुद्धा बघितलं नव्हतं.

त्या वर्षी नवीन वनरक्षक आली होती. पंचविशीतली, मराठवाड्याकडची पोरगी, एकटी राहायची. तीन गावांचं जंगल तिच्याकडं, आणि एवढं जंगल राखायला खात्यानं तिला एक काठी आणि पालापाचोळा उडवायचं एक यंत्र दिलं होतं. यंत्र मर्जी असेल तेव्हा सुरू व्हायचं. गाव तिला म्याडम म्हणायचं, ती मला अध्यक्ष काका म्हणायची. तिला विळे जप्त करायचा कंटाळा आला होता आणि मला अध्यक्षपद मिरवायचं होतं, त्यामुळं आमचं जमलं. आम्ही दोघांनी मिळून एक करार तयार केला. दसरा झाला की बायकांनी उघड डोंगरावर जायचं, विळ्यानं गवत कापायचं, डोक्यावरून आणायचं. बदल्यात गावानं पावसाळा येईपर्यंत डोंगराला आग लागू द्यायची नाही.

"आणि लागली तर?" म्याडमनं विचारलं.

तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, त्या अज्ञात इसमाचा एकदाचा बंदोबस्त करू. लिहा, की आग कुणी लावली हे गावानं सांगितलं तर कारवाई त्या माणसापुरती. नाही सांगितलं तर सगळ्या गावाची गवताची परवानगी पुढच्या वर्षी बंद. म्याडम म्हणाली, "काका, हे जरा कडक होतंय." मी म्हटलं, कडक केल्याशिवाय आमची माणसं वाकत नाहीत, तुम्हाला आमचं गाव माहीत नाही. हे कलम शब्द न्‌ शब्द माझं. त्या आनंदात मी दोन दिवस बायकोलाही नीट बोलू दिलं नाही.

करारावर पहिली सही आक्कानं केली. आक्का म्हणजे आमच्या भावकीतली, वयानं माझ्याहून थोडी मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकी लग्न होऊन पलीकडं कर्नाटकात गेलेल्या. तिचं घर गावाच्या अगदी टोकाला, माझ्या रानापलीकडं जरा उंचावर, तिथनं पुढं डोंगरच. शेत नाही. दोन म्हशी, त्यांचं डेअरीला जाणारं दूध आणि डोंगराचं गवत, एवढ्यावर तिचा संसार. गवत मिळालं तर दोन म्हशी, नाही मिळालं तर एकही मुश्किलीनं, हा हिशेब तिनं मला कितीदा तरी तोंडानं सांगितला होता. सही करून ती मला म्हणाली, "अण्णा, आता पदराखाली विळा लपवायची गरज न्हाय. लई चांगलं काम केलासा." मी उगीच मान हलवली, जणू काही हे माझ्यासाठी रोजचंच आहे.

सुरुवात झकास झाली. दसऱ्यानंतर गवत कापलं, घरोघरी गंज्या लागल्या. मग आम्ही जाळरेषा काढायला लागलो. जाळरेषा म्हणजे डोंगराच्या कडेनं गवत काढून उघडी ठेवलेली पट्टी, खालची आग वर जाऊ नये म्हणून. प्रत्येकानं आपापल्या रानाच्या वरची पट्टी साफ करायची असं ठरलं. मी काठी घेऊन हिंडायचो आणि ज्यांच्या पट्टीत एखादं झुडूप राहिलंय त्यांना चार शब्द सुनवायचो. माझ्या रानावरची पट्टी राहिली होती. म्याडमनं विचारलं तर मी म्हटलं, "माझंच रान हाय की तिथं. तिथनं कोण पेटवणार?"

माघ संपता संपता माझा ऊस तुटून गेला. रानभर गुडघ्याएवढं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पडलं. पाचट जाळू नये, कुजवावं, जमिनीला चांगलं असतं, हे मी त्या वर्षात निदान दहा जणांना सांगितलं होतं आणि एकाशी त्यावरनं भांडलोही होतो. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पाण्याची पाळी होती आणि खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या नव्या फुटव्याला, पाणी द्यायचं तर रान मोकळं पाहिजे. कुजायला वेळ लागतो. पाळी चुकली तर पंधरा दिवस गेले. नियम लोकांसाठी असतात, अध्यक्षाला अडचणी असतात.

पाचट जाळायचं तर आमच्याकडं दिवस कलल्यावर जाळतात, वारं पडलं की. हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. माझ्या बायकोला तर कळतंच. दुपारचं जेवण करून मी निघालो तशी ती म्हणाली, "आत्ता कशाला? वारं सुटलंय. सांजचं पेटवा की, सगळी पेटवत्यात तसं."

"सांजचं सभा हाय."

"कसली?"

"वणवा लागू नये म्हणून काय करायचं त्याची."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता ताट उचलून आत गेली. ती एवढी गप्प बसली तेव्हाच मी काडेपेटी खाली ठेवायला हवी होती.

खालच्या बांधाकडनं पेटवलं. पहिली दहा मिनिटं सगळं माझ्या हुकमात होतं. मी हातात ओला डहाळा घेऊन, भट्टीवर उभा राहायचो तसा उभा होतो. मग पश्चिमेकडनं वाऱ्याचा एक झोत आला. पाचटाची जळती पानं उठली, माझ्या डोक्यावरनं गेली आणि वरच्या बांधापलीकडं पडली, जिथं मी पट्टी काढली नव्हती तिथं. भट्टीतलं लोखंड निदान ओतल्या जागी राहतं. हे राहिलं नाही. मी बांध चढून वर गेलो तोवर डोंगराचं कापून उरलेलं गवत पेटलं होतं आणि मी हातातला डहाळा मारत होतो तिथं सोडून बाकी सगळीकडं आग होती.

गाव धावून आलं, हे सांगायलाच हवं. दरवर्षी तंबाखू मळत बघणारी माणसं, त्या दिवशी डहाळे घेऊन धावली, कारण त्या डोंगराचं गवत आता त्यांचं होतं. माझ्या कराराचं एवढं यश मला बघायला मिळालं. म्याडम यंत्र पाठीला लावून आली. यंत्रही त्या दिवशी एका दमात सुरू झालं. सगळ्यांच्या पुढं आक्का होती, ओलं पोतं घेऊन, पदर खोचून आग बडवत होती. दिवस मावळायला आग आटोक्यात आली. अर्धा डोंगर काळा झाला होता, आणि रोपं तर सगळीच गेली. सभा झाली नाही. अध्यक्षांची प्रकृती बरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा. जळालेला काळा पट्टा सरळ माझ्या बांधापर्यंत येत होता, आंधळ्यालाही दिसला असता. पण खात्याला नुसता पट्टा चालत नाही, कुणी लावली हे सांगणारा माणूस लागतो. म्याडम शाळेच्या व्हरांड्यात वही घेऊन बसली आणि गाव समोर. मी अध्यक्ष म्हणून तिच्या शेजारच्या खुर्चीवर. खुर्ची मी मागितली नव्हती, कुणीतरी आणून ठेवली.

आमचं गाव एका गोष्टीवर कधी एकमत होत नाही. पाण्यावर नाही, रस्त्यावर नाही, यात्रेच्या वर्गणीवर तर नाहीच. त्या दिवशी झालं. पहिल्यानं सांगितलं, कोण तरी पावणं होतं, मोटरसायकलवरनं आलतं, विडी टाकून गेलं. दुसऱ्यानं सांगितलं, व्हय, तांबडी गाडी होती. तिसऱ्याला काळी दिसली होती. एकाच्या मते पावणं बेळगावकडं गेलं, दुसऱ्याच्या मते कोल्हापूरकडं. एकानं तर त्याला रामराम घातला होता. ज्याच्याशी मी पाचटावरनं भांडलो होतो, तोही उठला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "अध्यक्ष तर दुपारभर घरात झोपलं हुतं. मी सोता बघितलंय." आणि बसला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याचा गळाही धरावासा वाटला.

शेवटी म्याडम आक्काकडं वळली. आक्काच्या अंगणातनं माझं सगळं रान दिसतं. म्याडमचा आवाज मऊ झाला. ती म्हणाली, "आक्का, तुम्ही सांगितलं तर ज्यानं केलं त्याच्यापुरतं राहील. नाही सांगितलं तर तुमचंच गवत जाईल. दोन म्हशी आहेत ना तुमच्या?"

आक्का म्हणाली, "हाईत की. पर मला लांबचं दिसत न्हाय, म्याडम. वय झालं."

ही बाई डोंगराच्या माथ्यावर चरणारी आपली म्हैस कोणती ते दारातनं सांगायची.

आता मी बोलायचं होतं. खुर्चीवरनं उठायचं, 'मी लावली' म्हणायचं, दोन शब्दांचं काम. ग्रामसभेत एक एक तास बोलणारा माणूस मी. मला काय काय आठवलं म्हणून सांगू. तीस वर्षांची नोकरी, एकही डाग नाही. जावई काय म्हणतील. अध्यक्षाचंच नाव पेपरात आलं तर समितीची बदनामी, म्हणजे गावाची बदनामी, म्हणजे गप्प बसणं हे गावासाठीच. माणसाला भीती वाटली की त्याला समाजाची फार काळजी वाटायला लागते. म्याडमनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग तिनं वहीत लिहिलं, अज्ञात इसम. अध्यक्ष म्हणून खाली सही मी केली.

परवानगी बंद झाली. गावानं मला काही विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. आपलं माणूस वाचवलं, विषय संपला. बायकोनं फक्त एकदा, भाकरी थापता थापता म्हटलं, "आक्कानं काय करायचं आता?" मी म्हटलं, माझ्या उसाचं वाडं देईन की तिला वैरणीला. ती म्हणाली, "ऊस तुटून गेलाय." तेही खरं होतं.

चैत्र सरला आणि एक दिवस आक्का घरी आली. "अण्णा, मोठी म्हस विकायची म्हणत्ये. दुभती हाय तवर चार माणसं इचारत्यात. दसऱ्यानंतर वैरण न्हाय म्हटल्यावर कोण घेणार? व्यापारी गोड बोलतोय, मला बाईमाणसाला फशीवल. तुमी चार लोकांत बोलणारं. जरा हुबं ऱ्हावा माझ्या बाजूनं."

मी गेलो. तिच्या बाजूनं उभा राहिलो. व्यापाऱ्याशी असा काय भांडलो, की तो मला म्हणाला, म्हस तुमची हाय का त्यांची? चांगला भाव काढून दिला. आक्कानं माझ्या बायकोला दुसऱ्या दिवशी सांगितलं म्हणे, अण्णा होते म्हणून झालं. व्यवहार झाल्यावर म्हैस टेम्पोत चढेना. दोघा-तिघांनी ओढलं, शेपूट पिळलं, पाय रोवून उभी. शेवटी आक्का म्हणाली, "सरा बाजूला," आणि कासरा हातात घेऊन स्वतः फळीवरनं टेम्पोत चढली. म्हैस तिच्या मागनं निवांत चढली. आक्कानं तिच्या कपाळावर हात फिरवला, कासरा आत बांधला आणि बाजूनं खाली उतरली. टेम्पो गेला.

अंगणात आम्ही दोघंच राहिलो. मी म्हटलं, "आक्का, त्या दिवशी तू बघितलं होतंस."

"बघितलं की."

"मग सांगितलं का न्हाईस?"

ती अंगणात सांडलेली वैरण गोळा करत होती. म्हणाली, "तुमची अब्रू घालवून म्हशीला वैरण आणू व्हय? आन तुमी काय मुद्दाम केलासा? वारं काय तुमच्या हातातलं?" मग गोळा केलेली वैरण उचलत म्हणाली, "मला वाटलं हुतं तुमीच सांगशीला. न्हाय सांगितलासा. मग म्या तरी कशाला सांगू."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्याडमच्या क्वार्टरवर गेलो आणि लिहून दिलं. आग मी लावली, पाचट पेटवून, भर दुपारी, वारं सुटलेलं असताना. तिनं कागद दोनदा वाचला. "काका, एवढे दिवस लागले?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, म्हशीचा टेम्पो बघितल्याशिवाय कळलं नाही. तिनं कागद वर पाठवला. माझ्यावर गुन्हा दाखल झाला, दंड झाला, अध्यक्षपद गेलं. माझं कलम मला बरोबर लागू पडलं, त्यात एकही पळवाट नव्हती. मीच लिहिलं होतं.

गाव मात्र त्या दिवशी माझ्यावर खवळलं. आग लावली तेव्हा नाही, नाव सांगितलं तेव्हा. ज्यांनी ज्यांनी मोटरसायकलवालं पावणं बघितलं होतं ती सगळी तोंडघशी पडली. पारावर मला सुनावलं, "आज तुमी तुमचं नाव सांगितलासा. उद्या आमी कुणाकुणाची सांगायची?" ज्यानं मला दुपारभर झोपवलं होतं, तो नवा अध्यक्ष झाला. माणूस चांगला आहे, पट्ट्या माझ्याहून नीट साफ करून घेतो.

गवताची परवानगी परत मिळाली. दसऱ्यानंतर चिठ्ठ्या टाकून डोंगराच्या वाटण्या झाल्या. आमच्या पाठांतराच्या उलट, न जळलेल्या अंगालाच त्या पावसात गवत मायंदाळ आलं होतं, आणि आक्काची वाटणी नेमकी तिथंच निघाली. आठ दिवस ती पहाटेपासून कापत होती. मी रानातनं बघायचो. पलीकडनं हाक मारायचं धाडस व्हायचं नाही.

एका संध्याकाळी घरी आलो तर गोठ्याच्या दाराशी गवताचे पाच भारे रचलेले. आम्ही तर त्या वर्षी चिठ्ठीच टाकली नव्हती. बायकोला विचारलं.

"आक्का टाकून गेली. तुमच्या गाईला घाला म्हणाली."

"आणि तू ठेवून घेतलंस?"

"नको म्हटलं मी. ती म्हणाली, एका म्हशीला एवढं कशाला लागतंय. थोरली असती तर उरलं नसतं."

बायको आत गेली. गाय तोवर एका भाऱ्याला तोंड लावून खात होती. मला लाज वाटली, पंचनाम्याच्या दिवशी वाटायला हवी होती तेवढी.